हत्तोबा आणि भंगारचं पोतं

सोलापुरातल्या एका आईचं पत्र आहे. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवून चालते ठेवणारा. घरात सासूबाई, दहावीची परीक्षा दिलेला मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. मे महिन्यात, बाहेर पाय ठेवायची सोय नाही अशा एका दुपारी, कूलर लावून सगळ्यांनी मिळून 'टॉय स्टोरी ३' बघितला. माणसं नसताना खेळणी जिवंत होऊन बोलतात असा खेळण्यांचा सिनेमा, पोरांची करमणूक होईल, एवढाच हेतू. झालं भलतंच. खेळणी कचऱ्याच्या भट्टीकडं सरकायला लागली तशी मुलगी हंबरडा फोडून रडली. मुलगा तिला हसला: "काय बे, खेळणी हायत ती!" नवरा अर्ध्यातच झोपला. सासूबाईंना भाषा कळत नव्हती, तरी शेवटाकडं पदर डोळ्याला लावून बसल्या आणि विचारल्यावर "काय नाही गं, कूलरचं वारं" म्हणाल्या. पत्र लिहिणारीला स्वतःला 'काहीच वाटलं नाही, मी चहा ठेवायला उठले होते'.

त्या दिवसापासून तीन आठवडे मुलगी घरातलं काहीच टाकू देत नाही. टूथपेस्टचे रिकामे खोके, फुटकी पिपाणी, सुतळीचा तुकडा, सगळं पलंगाखाली. रात्री दिवा घालवला की "आता ते बोलत असतील का?" असं विचारते. तिच्या जुन्या कापडी हत्तीची, हत्तोबाची, आठवण काढते. 'गड्ड्यातनं (संक्रांतीच्या जत्रेतनं) नवीन आणू की' म्हटलं तर जास्तच रडते. मोठ्या जाऊबाईंनी घरच्या ग्रुपवर टाकलं, 'लहान लेकरांना असलं दाखवतात का?' मुलगा जूनमध्ये अकरावीला लातूरला जाणार आहे. परवा रात्री तो मोबाईलवर त्याच सिनेमाचा शेवट परत बघत होता, आई दिसताच बंद केला. प्रश्न तीन: माझं चुकलं का? खेळण्यांत जीव नसतो हे तिला एकदाचं सांगून टाकू का? आणि असले सिनेमे बंदच करू का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पत्र सिनेमाबद्दल आहे. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. हत्तोबाचा विषय निघाला तिथं तुम्ही लिहिलंय, 'दिवाळीच्या आवराआवरीत एक पोतंभर खेळणी भंगारवाल्याला दिली, त्यात तोही गेला.' आणि हे वाक्य कंसात टाकलंय.

आता तो सिनेमा डोळ्यासमोर आणा. खेळण्यांचा मालक अँडी सतरा वर्षांचा झालाय, शिकायला बाहेर निघालाय. जुनी खेळणी माळ्यावर ठेवायची म्हणून त्यानं ती एका काळ्या पिशवीत भरलीत. पिशवी माळ्यावर चढवायच्या आत त्याचं लक्ष दुसरीकडं जातं. तेवढ्यात आई येते, तिला ती कचऱ्याची पिशवी वाटते आणि ती पिशवी उचलून बाहेर रस्त्याच्या कडेला ठेवते. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. त्या आईच्या मनात काहीही वाईट नाही, ती घर आवरतेय. तुमच्यासारखीच, आणि खरं सांगायचं तर माझ्यासारखीसुद्धा. दसरा-दिवाळीला माझ्याही अंगात आवरायचं वारं शिरतं.

तुम्ही धरून चाललात की मुलगी आगीला घाबरली. घाबरली असेलही, तो प्रसंग भल्याभल्यांना जड जातो. पण आगीला घाबरलेलं मूल गॅसपाशी जायला कचरतं, रात्री दचकून उठतं, 'आग लागली तर' असं विचारतं. तुमची मुलगी यातलं काहीच करत नाही. ती जेवते, खेळते, झोपते, हे तुम्हीच लिहिलंय. फक्त टाकू देत नाही. मला वाटतं तिला सिनेमात भट्टीच्या आधी पिशवी दिसली आणि ती उचलणारी आई दिसली. हत्तोबा कुठं गेला, याचं उत्तर तिला दिवाळीपासून कुणी दिलं नव्हतं. ते त्या दुपारी टीव्हीवर मिळालं. पलंगाखालचे खोके बघून तुम्हाला तिला साठवायची सवय लागली असं वाटतंय. मला त्यात राखण दिसते. राखण कुणापासून, ते तुम्हीच ओळखा.

माझा अंदाज चुकीचाही असेल. खात्री करणं सोपं आहे. तिला शेजारी बसवा आणि साधं विचारा, "त्या पिशवीवरून तुला आपलं पोतं आठवलं का गं?" ती काय म्हणते त्यापेक्षा तुमच्याकडं कशी बघते, त्यावरून कळेल.

'नवीन आणू की' हे वाक्य आपण सगळेच बोलतो. फुगा फुटला, नवीन. गड्ड्यातली पिपाणी होम मैदानावरून घरी पोचायच्या आत बंद पडली, पुढच्या संक्रांतीला नवीन. पण हाच सिनेमा त्या वाक्याचं काय होतं ते दाखवतो. त्यातलं स्ट्रॉबेरीच्या वासाचं ते जाडजूड गुलाबी अस्वल, लॉट्सो, मुळात दुष्ट नाही. डेझी नावाच्या मुलीकडून ते वाटेत मागं राहतं, मैलोगणती पायपीट करून घरी पोचतं आणि खिडकीतून बघतं तर डेझीच्या कुशीत तसंच दुसरं अस्वल. आईबापांनी नवीन आणलेलं असतं. तिथून ते कडू होतं. तुमच्या मुलीनं हे बघितलंय आणि दोन दिवसांनी तुम्ही तिला नवीन हत्ती देऊ केलात. ती जास्त रडली याचं मला नवल वाटत नाही.

मग करायचं काय? आधी कबुली. "हत्तोबाला मी पोत्यात घातलं. तुला विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं." एवढंच. "पण तुझाच पसारा इतका झाला होता" हे त्याला जोडू नका. जोडलंत तर ती माफी राहत नाही, उलट बोलणं होतं. आईनं लेकराची माफी मागितली तर धाक राहत नाही असं आपल्याकडं समजतात. माझा अनुभव उलटा आहे. जी आई एकदा "चुकलं" म्हणते, तिच्या "नाही"लाही मुलं जास्त मानतात.

एक मोह टाळा. सिनेमाच्या शेवटी अँडी आपली खेळणी बॉनी नावाच्या छोट्या मुलीला देतो. त्यामुळं तुम्हालाही सांगावंसं वाटेल की हत्तोबा एका गरीब मुलीकडं गेलाय, मजेत आहे. सांगू नका. पोतं कुठं गेलं ते तुम्हाला माहीत नाही. सहा वर्षांचं मूल उद्या विचारेल, "कुठं राहते ती? जाऊया भेटायला." मग तुम्ही पत्ता कुठला देणार? "कुठं आहे मला माहीत नाही" हे उत्तर कडू आहे, पण ते पचतं. त्यानंतर तिला त्याचं चित्र काढू दे. एक कान तुटका होता ना, तो तुटकाच काढू दे.

खोक्यांचं म्हणाल तर कारखान्यातून टॉवेलचा एक पुठ्ठ्याचा बॉक्स मागवा. तो तिचा. त्यात मावेल ते सगळं तिचं, सुतळीसकट, आणि त्याला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. बॉक्स भरला की नवीन काही ठेवायचं तर आतलं काय काढायचं ते ती ठरवेल. पलंगाखाली मात्र झाडू फिरणार, हेही तेव्हाच सांगून टाका. बहुतेक महिन्या-दोन महिन्यांत टूथपेस्टचे खोके तीच काढून देईल. राखणीची गरज संपली की राखणदार कंटाळतो.

पुढच्या दिवाळीला पोतं तिच्यासमोर भरा. द्यायची खेळणी तिच्या हातानं द्या, जवळच्या अंगणवाडीत किंवा शेजारच्या पोराला. देताना अँडी जे करतो ते तिला करू द्या. तो नुसती पिशवी देत नाही. एकेक खेळणं काढून त्याचं नाव सांगतो, स्वभाव सांगतो, मग बॉनीबरोबर शेवटचा एक डाव खेळतो. वूडी या त्याच्या सगळ्यात लाडक्या काउबॉय बाहुल्यापाशी त्याचा हात मागं येतो, तेही लक्षात ठेवा. तिचाही एखाद्यापाशी येईल. ते खेळणं परत बॉक्समध्ये ठेवू द्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जीव असतो का नसतो. 'सांगून टाकू का' असं तुम्ही लिहिलंय, जणू एक गोळी द्यायची आहे. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकातच मुलांशी बोलून नोंदवून ठेवलंय की लहान मुलं ढग, सूर्य, सायकल असल्या गोष्टींनाही जीव आहे असं धरतात आणि वाढत्या वयाबरोबर ही समजूत आपोआप मावळत जाते. त्याचबरोबर मुलं आपल्याला वाटतात तितकी भोळीही नसतात. भातुकलीत बाहुलीला चहा पाजणारी मुलगी तिच्या तोंडात खरा चहा ओतत नाही. तिला दोन्ही माहीत असतं.

आणि आपण मोठे तरी कुठले एवढे शास्त्रीय? खंडेनवमीला तुमचे यजमान मागाला हळदीकुंकू लावतात ना? झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात. गाडीला लिंबू-मिरची बांधतात. वर्षभर ज्यानं भाकरी दिली त्या मागाला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. सोलापुरात किती घरांत हे चालतं! माग जिवंत आहे असं आपण म्हणत नाही, निर्जीव आहे असं म्हणूनही चालत नाही. मग सहा वर्षांच्या पोरीनंच तेवढं एका बाजूला का व्हावं?

डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. लहान मुलाची गोधडी, चिंधी, जवळ घेऊन झोपायचं खेळणं, यावर त्यांचा १९५३ सालचा लेख प्रसिद्ध आहे. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, त्या वस्तूतलं किती खरं आणि किती मुलाच्या मनातलं, हा प्रश्न मोठ्यांनी मुलाला विचारायचाच नसतो, असा जणू अलिखित करार असतो. दुसरी, अशी वस्तू सहसा एका दिवसात सुटत नाही. मूल तिला विसरत नाही, तिच्यासाठी रडतही नाही. हळूहळू तिचं महत्त्व उतरत जातं आणि एके दिवशी ती कोपऱ्यात पडून राहते. हत्तोबाही असाच कोपऱ्यात गेला असता, कदाचित याच वर्षी. पोत्यानं ते एका दुपारीत उरकलं, म्हणून इतकं दुखतंय.

तेव्हा रात्री "ते बोलत असतील का?" असं तिनं विचारलं की "तुला काय वाटतं, काय बोलत असतील?" एवढंच म्हणा आणि ऐका. तिच्या मनात काय चाललंय ते खेळण्यांच्या तोंडून फुकटात कळेल. तिनं अगदी समोर बसून "खरं सांग" म्हटलं तर मात्र खरं सांगा. "त्यांना जीव नसतो, आपण लावतो." जीव लावणं हा शब्द आपल्या भाषेत आयता आहे, तो वापरा.

आता घरातले बाकीचे प्रेक्षक. खेळण्यांचा सिनेमा म्हणजे पोरांचा सिनेमा, हा तुमचा हिशेब तिथंच चुकला आणि त्यात तुमचा दोष नाही. अमेरिकेत या सिनेमाला 'जी', म्हणजे सर्वांनी बघण्यासारखा, असंच प्रमाणपत्र होतं. प्रमाणपत्र मारामारी, शिव्या, अश्लीलता मोजतं. कुणाच्या घरातून कोण निघालंय ते मोजत नाही. पहिला भाग १९९५ चा, तिसरा २०१० चा. पहिला बघताना जी मुलं अँडीच्या वयाची होती, ती तिसरा येईपर्यंत त्याच्यासारखीच घर सोडून गेलेली होती. थिएटरात पोरं पॉपकॉर्न खात होती आणि शेजारी मोठी माणसं चष्मा पुसत होती, असं जगभर झालं. तुमच्या घरात जे झालं ते त्याचंच छोटं रूप.

सासूबाईंकडं बघा. भाषा कळत नाही, मग रडल्या कशाला? तुम्ही लिहिलंय 'शेवटाकडं'. शेवटाकडं अँडीची आई त्याच्या रिकाम्या खोलीत येते. भिंती मोकळ्या, खोकी भरलेली. ती बोलता बोलता थांबते. हे समजायला इंग्रजी कशाला लागतं? तुमचे मोठे दीर पुण्याला नोकरीला गेल्याचं पत्रातच आहे. सोलापुरातल्या किती घरांत एक खोली अशी असते, जिच्यात आता गाद्या आणि जुना कूलर ठेवलेला असतो! आणि आता नातू लातूरला. त्यांना विचारू नका, "का रडलात?" पुन्हा कूलरचं वारंच येईल. विचारा, "भावजी पुण्याला गेले तेव्हा त्यांचं सामान कुणी भरलं होतं?" मग बसून ऐका, शेंगा सोलायला घ्या सोबत. हात कामात असले की बायका जास्त बोलतात.

यजमानांचं काय? झोपले. आठवडाभर मागाचा खडखडाट ऐकून आलेला माणूस कूलरपुढं झोपणारच. त्यात अर्थ शोधू नका.

जाऊबाईंना निम्मे मार्क द्या. सहा वर्षांच्या मुलाला हा सिनेमा एकट्यानं, मोबाईलवर, पोळ्या होईपर्यंत लावून देणं मलाही पटणार नाही. पण तुमच्या घरी आजी, आई, भाऊ सगळे शेजारी होते, रडायला मांडी होती. मूल रडलं म्हणजे त्याचं वाईटच झालं, हे मात्र मला मान्य नाही. विदाईचं गाणं लागलं की आपण रडतो आणि तरी लग्नाला जातोच. ग्रुपवर वाद घालू नका. 'वैनी, तुमचं बरोबर आहे, पुढच्या वेळी आधी मी बघीन' एवढं टाका आणि गप्प बसा. मूल महिनाभर झोपेत दचकत असेल, अंथरूण ओलं करायला लागलं असेल, जेवण तोडलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बालरोगतज्ज्ञाकडं जायला लाजू नये. तुमच्याकडं तसं काही दिसत नाही.

सिनेमे बंद करू नका. एक सवय फक्त बदला: सात-आठ वर्षांखालच्या मुलांना शेवट आधी सांगून टाका. "ती भट्टीपर्यंत जातात, एकमेकांचा हात धरतात, आणि मग ते हिरवे तीन डोळ्यांचे बारके आहेत ना, ते क्रेननं वरच्यावर उचलतात सगळ्यांना." मजा जाते असं तुमचा मुलगा म्हणेल. म्हणू दे. कीर्तनात रामाचा शेवट कुणाला माहीत नसतो? तरी लोक दरवर्षी बसतात आणि दरवर्षी डोळे पुसतात. शेवट माहीत असला की लहान मूल मधला भाग धीरानं बघू शकतं. आणि जड प्रसंग आला की पुढं ढकलू नका, थांबवा. पाणी द्या, कुशीत घ्या, "बघायचं का पुढं?" विचारा. पुढं ढकललेला प्रसंग मूल मनातल्या मनात पूर्ण करतं, आणि मनातला नेहमी जास्त भयंकर असतो.

राहिला मुलगा. सिनेमा त्याच्याच वयाचा आहे, आणि गोष्टही. बहिणीला "काय बे" करून हसणारा तोच, रात्री शेवट परत लावणाराही तोच. दोन्ही खरे. त्याला पकडल्यासारखं करू नका, "मी बघितलं हं" असं तर अजिबात नको. त्याचं कपाट त्यालाच भरू द्या. तो गेल्या दुसऱ्या दिवशी त्याचा कोपरा मुलीला द्यायचं तुम्ही ठरवलंय, ते दिवाळीपर्यंत थांबवा. पहिल्या सुट्टीला घरी येईल तेव्हा त्याची चादर जागेवर असू दे. लातूरच्या होस्टेलात पहिला महिना कसा जातो, ते तिथून परत आलेल्या एखाद्या पोराला विचारा.

आणि तुम्ही, ताई. तुम्हाला काहीच वाटलं नाही, कारण तुम्ही चहा ठेवायला उठला होतात. मी तुमचं पत्र पुन्हा बघितलं. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला तेव्हा तुम्ही खोलीत होतात, कारण "काय झालं" हे तुम्हीच विचारलंत. म्हणजे उठलात ते त्याच्या जरा आधी, अँडीची आई रिकाम्या खोलीच्या दारात आली त्या सुमाराला. मेच्या भर दुपारी, कूलरपुढून उठून, गॅसपाशी.

तो लातूरला जायच्या आधी एखाद्या संध्याकाळी त्यालाच म्हणा, शेवटची पंधरा मिनिटं लाव, माझी बघायची राहिली. चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवा.